बी काही नापास होईना

४ फेब्रुवारी

चिंगे,

आशीर्वाद आधीच घेऊन टाक, कारण पुढे मी तुला एक वाईट काम सांगणार आहे.

सोबतच्या पाकिटात आजोबांच्या सूर्यफुलाचं बी आहे. कोठारातल्या शेवटच्या पिंपातलं. तुझ्या त्या बी-तपासणीच्या प्रयोगशाळेत त्याची काय ती तपासणी कर आणि ते नापास कर.

बरोबर वाचलंस. नापास. तुझ्या बापाने कोठाराच्या दारावर पाटी लावली आहे ती तुला पाठच असेल: "पास झालं तर पेरायला, नापास झालं तर घाण्यावर." दादाचा नियम म्हणजे दगडावरची रेघ. प्रयोगशाळेचा कागद आल्याशिवाय तो त्या पिंपाला हात लावू देत नाही. आजोबांनी एकेक फूल निवडून जपलेलं बी, म्हणून रोज त्याच्याकडे असं बघतो की तसं त्याने माझ्याकडे कधी बघितलं नसेल. मला त्या पिंपाचा कंटाळा आलाय. येताजाता पायाचं बोट ठेचतं. बी जुनं झालंय, चार वर्षं होऊन गेली. त्याला मोकळं कर, मलाही मोकळं कर.

फोनवर सांगितलं असतं, पण फोन दादाच्या टेबलावर. मी बोलायला लागले की तो वर्तमानपत्र उघडून बसतो आणि पान काही उलटत नाही. म्हणून हे पत्र.

पाकीट घाणेवाले आणून देतील. ते दर आठवड्याला तेलाचे डबे घेऊन तुमच्या गावात येतातच, फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवतील. सज्जन माणूस आहे. घाणा तेलाचा, पण फरशी अशी की तोंड बघून घ्यावं. हे आपलं सहज लिहिलं.

तुझी,
आत्या

ता. क. घरात तेलाचे पाच डबे झालेत. दादा विचारतो, एवढं तेल कशाला? म्हटलं, पाहुणे आले तर. म्हणाला, पाहुणे काय तेल पितात?


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आईच्या मागे तू मला वाढवलंस, अभ्यासाला बसवलंस, "खोटं बोललीस तर जीभ झडेल" म्हणून दम भरलास, आणि आज तूच मला लबाडी करायला सांगतेस? मी कुठलंच बी नापास करत नाही गं. बीच पास होतं किंवा नापास होतं. मी फक्त निकाल लिहिते.

आणि तुझं बी पास झालंय! शंभरातले एक्याण्णव दाणे उगवले. ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवून, अंधाऱ्या कपाटात. गुंडाळी सोडली तर सगळे कोंब शाळेच्या रांगेत उभे राहावेत तसे.

मी खरं तर चकितच झाले. तेलबियांचं असं असतं की बियातलं तेल हळूहळू खवट होत जातं, आणि तेल खवट झालं की आतला जीव गेला. गहू-ज्वारी वर्षानुवर्षं कळ काढतात. सूर्यफूल, भुईमूग ही मंडळी नाजूक. चार वर्षांच्या सूर्यफुलाने एवढं उगवावं म्हणजे तुम्ही ते फार थंड आणि कोरड्या जागी ठेवलं असणार. कसं ठेवलंस ते नीट लिही. आमच्या मोठ्या साहेबांना सांगायचंय.

बाबांना अहवाल वेगळा पाठवलाय. खूश होतील. आणि बोट ठेचतं तर पिंप हलव ना. त्यासाठी प्रयोगशाळा कशाला?

तुझी,
चिंगी


२५ फेब्रुवारी

चिंगे,

एक्याण्णव? तुला मोजता येतं ना अजून?

थंड आणि कोरडी जागा म्हणे! आता ऐक, आणि कोणाला सांगू नकोस. गेलं वर्षभर ते पिंप न्हाणीघरात आहे. पाणी तापवायच्या बंबाला चिकटून. दादाला सांगितलं, कोठारात उंदीर झालेत. झाकण मी उघडं ठेवते. वर ओले टॉवेल वाळत घालते. रोज सकाळी दादाच्या अंघोळीची वाफ त्या पिंपात जाते. एवढ्यावर माणूस मेला असता. मागच्या महिन्यात मी दाणा सोलून चावला तर असा खवट लागला की दोनदा चूळ भरली. आणि तू म्हणतेस एक्याण्णव!

इकडे दादाने तुझा अहवाल जेवताना मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला. मग भिंतीवर लावला, आजोबांच्या फोटोखाली. म्हणाला, "बघ, बापाचं बी आहे. आपल्या घराण्यात टिकाऊपणा आहे." मी भाकरी गिळली.

दुसरं पाकीट पाठवतेय. या वेळी पिंपाच्या तळातून मूठ भरली आहे, जिथे ओल जास्त. कडक तपास. छळ कर त्याचा. तुमच्याकडे बियाला म्हातारं करायची कसलीशी पेटी आहे म्हणाली होतीस ना, तीत घाल.

पाकीट घाणेवाल्यांच्याच हाती दिलं. देताना माझ्या डोळ्यांत पाणी होतं, बंबाचा धूर. ते म्हणाले, "बाई, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. मी आहे ना." किती धीराचं बोलतात बघ. त्यांना वाटलं असेल मी बियासाठीच रडतेय. ते तसे फार हळवे आहेत. परवा त्यांच्या घाण्याजवळ चिमणीचं पिल्लू पडलं होतं तर घाणा बंद करून बसले होते.

तुझी,
आत्या


१६ मार्च

प्रिय आत्या,

बसली आहेस ना? बस.

तुझ्या बियाचा मी यथेच्छ छळ केला. म्हातारपणाच्या पेटीत ठेवलं. तिथे आत भट्टीसारखं गरम आणि वर दमट, म्हणजे थोडक्यात तुझं न्हाणीघरच. दुबळं बी तिथे काही दिवसांत कित्येक वर्षांचं वय काढतं आणि मरतं. तुझं बी बाहेर आलं आणि पुन्हा शंभरातले पंच्याऐंशी दाणे उगवले.

मग दुसरी परीक्षा घेतली. दाणे पाण्यात भिजवले आणि त्या पाण्यातून वीज किती जाते ते मोजलं. दाण्याची अंगकाठी दुबळी झाली असेल तर तो पाण्यात पडताच पोटातलं सगळं बाहेर सोडतो, आणि मग त्या पाण्यातून वीज सुसाट जाते. दणकट दाणा पोटातलं पोटात ठेवतो. तुझ्या बियाने अवाक्षर बाहेर काढलं नाही.

तू मात्र काढतेस. "घाणेवाले, घाणेवाले" लिहिता लिहिता मधेच नुसते "ते" कधी झाले गं? आणि चिमणीच्या पिल्लाच्या वेळी तू तिथे काय करत होतीस?

असो. मोठे साहेब हरखून गेलेत. माझा अहवाल घेऊन खोलीभर फिरले. म्हणाले, तेलबियांत असा टिकाऊपणा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नाही. पेरणीच्या आधी आसपासच्या शेतकऱ्यांना बोलावून बी वाटायचं ठरलंय, तुमच्याच पिंपातलं. बाबांशी बोलणंही झालं, ते तर पिंप खांद्यावर घेऊन यायला तयार आहेत. मी त्या दिवसासाठी उरलेल्या दाण्यांची रोपं खिडकीत वाळूच्या ताटल्यांत लावली आहेत. माझं नाव त्या कार्यक्रमाच्या फलकावर असणार आहे, आत्या. पहिल्यांदा.

साहेबांना तुझी साठवणीची पद्धत स्वतः येऊन बघायची आहे. मी त्यांना न्हाणीघराचं अजून सांगितलेलं नाही. काय सांगू?

तुझी,
चिंगी


२० मार्च

चिंगे,

साहेबाला इकडे आणलंस तर मी त्याला बंबात घालीन.

आता सगळं सांगते, कारण पाण्यातल्या त्या दुबळ्या दाण्यासारखं माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला कळलंच आहे.

घाण्यावर एक रीत आहे. ज्याचं बी त्याने समोर बसायचं, बी घालण्यापासून तेल गाळण्यापर्यंत. नाहीतर एकाचं तेल दुसऱ्याच्या डब्यात जातं आणि भांडणं होतात. त्यांचा घाणा लहान. मूठभर तीळ असले तर दुपार जाते. पिंपभर सूर्यफूल असलं तर किती दुपारी जातील याचा हिशोब मी केलेला आहे, तुला सांगत नाही.

तुझ्या बापाने मला बजावलंय, कामाशिवाय घाण्यावर पाऊल टाकायचं नाही. का, तर घाणेवाल्यांनी एकदा चारचौघांत त्याच्या भुईमुगाचा दाणा चावून "खवट आहे" म्हटलं. खवटच होता. पण दादाला खरं बोललेलं सोसत नाही आणि ते तर खरंच बोलतात. तेव्हापासून अबोला. म्हणून मी काम शोधत गेले. घरातले तीळ झाले, जवस झालं, भुईमूग झाला. पाच डबे त्याचेच. आता घरात घाण्यात घालायला दादाच काय तो उरलाय.

राहिलं आजोबांचं पिंप. ते पास होत राहिलं तर मला जायला निमित्त नाही.

हसू नकोस. मला तिथे बसायला आवडतं गं. घाणा फिरत असतो, ते एका बाजूला, मी एका बाजूला. कधी बोलतो, कधी नाही. तिथे माझ्याकडे कोणी काही मागत नाही. चष्मा शोधून दे म्हणत नाही, चहा टाक म्हणत नाही. उलट तेच चहा करतात आणि मलाच विचारतात, जमलाय का? मागच्या वेळी म्हणाले, "बाई, तुमचं बी संपलं की मग काय?" मी म्हटलं, मग काय, घर. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मी गेले तर दादाचं कसं व्हायचं? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

तर आता असं कर, की ते बी काहीतरी करून नापास कर. तुझ्या फलकावरच्या नावाचं मला कळतं. पण माझं नाव कुठल्याच फलकावर नाही.

आत्या


३ एप्रिल

आत्या,

हे पत्र वाचून लगेच जाळ. आणि ओरडू नकोस.

खिडकीतल्या ताटल्यांतली रोपं बोटभर वाढली आहेत. सगळ्यांचे देठ हिरवे आहेत. हिरवेगार.

तुला आठवतंय ना? मागच्या अंगणात आजोबा मला उकिडवं बसवायचे आणि नुकतं उगवलेलं सूर्यफूल दाखवायचे. "आपल्या बियाची खूण," म्हणायचे, "दाणा सगळ्यांसारखाच काळा, पण कोंबाचा देठ जांभळा." मातीतून वर येतानाच जांभळा. पहिल्या वेळी मी कोंब अंधारात, कागदात वाढवले होते, तिथे ते फिकेच राहतात. म्हणून कळलं नाही. दुसऱ्या वेळी नुसते मोजले, रंग बघायची बुद्धी झाली नाही. आता उजेडात लावले तेव्हा कळलं.

आत्या, मी तपासलेलं बी आजोबांचं नव्हतंच. दोन्ही वेळा कोणीतरी पाकिटातलं बी बदललं. ताजं, चांगलं बी भरलं.

तू हे करणार नाहीस, तुला तर नापास हवं होतं. मग राहिलं कोण? बाबा. त्यांनाच त्या पिंपाचं वेड. तूच लिहिलंस ना, आजोबांच्या फोटोखाली अहवाल लावला म्हणून.

आता हा खेळ नाही. माझ्या सहीवर ते पिंप शेतकऱ्यांना वाटलं जाणार आहे. तुझ्या न्हाणीघरातलं ते मेलेलं बी लोक शेतात पेरतील आणि उगवणार काही नाही. एक पेरणी वाया जाईल त्यांची. मी साहेबांना आजच सांगणार आहे. कसं सांगू ते अजून कळत नाही, पण सांगणार.

पिंपाला कोणालाही हात लावू देऊ नकोस. स्वतःच्या हाताने नवा नमुना भर, पाकीट शिव, आणि टपालाने पाठव. कोणाच्याही हाती देऊ नकोस. आणि बाबांना एक शब्द बोलू नकोस.

चिंगी


६ एप्रिल

चिंगे,

बाबांना एक शब्द बोलू नकोस म्हणालीस. मी बरेच बोलले.

काय करू, पत्र वाचलं आणि समोर दादा त्या अहवालावरची धूळ फुंकत उभा. मी म्हटलं, "दादा, बी बदलायला लाज नाही वाटली?" तो आधी कळेना म्हणून बघत राहिला, मग असा उसळला की त्याचा चष्मा चहात पडला. "मी? मी माझ्या बापाचं बी बदलेन?" म्हणाला, "अगं, मला पास व्हायला हवं होतं हे खरं, पण आपलंच व्हायला हवं होतं ना! दुसऱ्याचं बी पास होऊन मला काय करायचंय?" हे मला पटलं. दादा हट्टी आहे, पण लबाड नाही.

मग तो म्हणाला, "पण तुला कसं माहीत आपलं बी मेलंय?" आणि मग माझ्या तोंडातून सगळं निघालं. न्हाणीघर, टॉवेल, झाकण, पाच डबे, घाण्याची रीत, हिरवे देठ, तुझी सही, सगळं. तो तिथेच पाटावर बसला. असा बसलेला मी त्याला तुझी आई गेली तेव्हा पाहिला होता.

आणि नेमके त्याच वेळी घाणेवाले दारात. रिकामा डबा परत द्यायला आलेले. किती वेळ उभे होते देव जाणे. मी म्हणत होते, "मग पाकिटातलं बी बदललं कोणी?" तर त्यांच्या हातातून डबा पडला, खणखणत अंगणभर फिरला, आणि ते मागे वळून चालायला लागले. हाक मारली तरी थांबले नाहीत. आज घाणा बंद आहे.

नमुना टपालाने पाठवलाय, पाकीट शिवून.

ते असे का पळाले गं? माझं सगळं ऐकून त्यांना माझी लाज वाटली असेल का?

आत्या


८ एप्रिल

प्रयोगशाळेतील बाईसाहेबांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या आत्यांचं पाकीट फाटकावर ठेवून जाणारा घाणेवाला. लिहायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

बी मी बदललं. दोन्ही वेळा.

पहिलं पाकीट मला दिलं तेव्हा त्यातला एक दाणा मी वाटेत चावून बघितला. आमचा हा धंद्याचा चाळा. दाणा पार खवट. मला वाटलं, झालं, हे नापास होणार. आणि त्या बाई वडिलांच्या बियासाठी खचून जातील. घरी माझ्याकडे यंदाचं सूर्यफूल होतं, तसंच काळं, तसंच टपोरं. एक मूठ इकडची तिकडे केली. दुसऱ्या वेळी तर पाकीट देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग काय करणार? दुसरी मूठ.

बाईसाहेब, बी मला कळतं. रंगावरून कळतं, वासावरून कळतं, चावून तर तेल किती निघेल तेही सांगतो. पण आयुष्यात मी एक दाणा पेरलेला नाही. आमच्याकडे येतं ते भरडायला. त्याचा देठ जांभळा असतो की हिरवा, हे मला कुठून कळणार? परवा दारात उभा राहून ऐकलं तेव्हा कळलं की तुमचं नाव मी धुळीला मिळवलं, आणि वर ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच ते नको होतं. म्हणून पळालो. तोंड दाखवायला जागा नव्हती.

तुमच्या साहेबांसमोर उभं करा, मी जे आहे ते सांगेन.

आणखी एक. त्यांना घाण्यावर यायला बी लागत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. माझी चूक. धाडस झालं नाही. तुमचे बाबा रागीट आणि मी तेलकट माणूस. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देतो. इतक्या वर्षांत मी त्यांना "बाई" म्हटलं. "ताई" एकदाही म्हटलेलं नाही.

आपला,
घाणेवाला


२४ एप्रिल

प्रिय आत्या (आणि बाबा, तुम्ही मागून वाचताय हे मला माहीत आहे, पुढे या),

खऱ्या बियाचा निकाल आला. शंभरातले चौदा उगवले. बी नापास.

साहेबांना मी सगळं सांगितलं. आधी त्यांचा चेहरा भोपळ्यासारखा झाला, मग म्हणाले, "देठ बघितलास म्हणून वाचलीस. नाहीतर शेतकऱ्यांनी रिकामी शेतं बघितली असती." शेतकऱ्यांना निरोप गेले, बी वाटप रद्द. फलकावरचं माझं नाव पुसलं गेलं, आणि आता नियम असा की कोणाचाही नमुना मी स्वतः पिंपातून काढायचा. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी "न्हाणीघर" एवढंच म्हणाले आणि पोट धरून हसत सुटले. आता येताजाता तेच म्हणतात.

घाणेवाल्यांचं पत्र सोबत ठेवतेय. त्यांच्या परवानगीशिवाय. आत्या, तू ते एकटीने वाच. ते पळाले ते तुझ्या लाजेने नाही गं. शेवटची ओळ दोनदा वाच.

बाबा, आता तुमच्यासाठी. त्या चौदा कोंबांचे देठ जांभळे आहेत. गर्द जांभळे, आणि अंगाने असे दणकट की त्या वाफेतून नेमके तेच कसे वाचले ते बघत राहावं. म्हणजे आजोबांचं बी संपलेलं नाही. पिंपातलं थोडं बी आताच, यंदाच, दाट पेरायचं. दहात एखादं उगवेल, पण जे उगवेल त्याचं नवं बी धरता येईल. अंगणात आता गाड्या लावता, तिथे जागा नाही. मोकळी जागा एकाच ठिकाणी आहे, घाण्याच्या मागे. मी विचारलंय. ते हो म्हणाले.

उरलेल्याचं काय करायचं ते पाटीवर तुमच्याच अक्षरात लिहिलंय.

चिंगी


११ मे

चि. चिंगीस,

अहवाल मिळाला. भिंतीवरचा जुना काढला, नवा लावला. जे आहे ते आहे.

नियम माझा आहे, तेव्हा पिंप घाण्यावर पाठवलं. ज्याचं बी त्याने समोर बसायचं अशी तिथे रीत आहे म्हणे. मी म्हटलं, बी माझ्या बापाचं, मीही बसणार. पहिल्या दुपारी दोघांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो. त्याने दाणा चावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "खवट आहे." मी म्हटलं, "आहे." त्यावर त्याने चहा केला. तुझ्या आत्याच्या चहापेक्षा बरा होता, हे तिला सांगू नकोस.

तेल काही खाण्याजोगं निघालं नाही. दारांच्या बिजागऱ्यांना होईल.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची जरा बाजूला घेतली. तिसऱ्या दिवशी बाहेर ओट्यावर बसलो. आतून तुझी आत्या हसल्याचं ऐकू आलं. तो आवाज मला ओळखू येईना. माझ्या घरात ती इतकी वर्षं राहिली आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

घरी आलो. न्हाणीघरात पिंपाची गोल खूण राहिली आहे, तिथे बघत उभा राहिलो. चांगलं आहे, जपलं पाहिजे, घरातच राहिलं पाहिजे, असं म्हणत मी ते बी कोंडून घातलं आणि त्याचा जीव गेला. तुझ्या आत्याचंही मी तेच केलं. ती न्हाणीघरातल्या वाफेत टिकली, हा तिचा जोम. माझं त्यात काही नाही. मला वाईट वाटतं, हे तुला लिहून टाकतो, तिला तोंडाने सांगता येणार नाही.

दुसऱ्या सकाळी तिला म्हटलं, "पाटीवर लिहिलंय ते वाच. पास झालं तर पेरायला. घरात ठेवायला असं मी कुठे लिहिलंय?" तिला कळलं. रडली. बंब पेटलेला नव्हता.

लग्न या महिन्याच्या अखेरीला, घाण्याच्या अंगणात, आपण एवढीच माणसं. रजा काढ. तुझ्या साहेबांनाही आण, पण न्हाणीघराचं नाव काढायचं नाही अशी अट घाल. ती विचारत होती, दादा, तुझं कसं होणार? मी म्हटलं, पाच डबे तेल आहे, उपाशी मरणार नाही. मोजे सापडले. खुंटीवरच होते.

घाण्यामागे आपण पेरलं ते वर यायला लागलंय. विरळ आहे, पण देठ जांभळा आहे. त्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं, म्हणून मी रोज संध्याकाळी तिकडे जातो. तिथे चहा असतो. कोणी विचारलं तर बी बघायला जातात म्हणून सांग.

तुझा,
बाबा